वर्गातील सोंग आणि समाजातील स्थान

(अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे एक म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. त्यामुळे या म्हणीचा उत्तरार्ध मला नेहमीच अधिक पटत आला. आज मात्र मी तिच्या पूर्वार्धाविषयी बोलणार आहे. प्राथमिक शाळेच्या वर्गात मुलांनी निरनिराळ्या भूमिका घेणे, दुकानदार, गिऱ्हाईक, सरपंच, कंडक्टर, डॉक्टर, आजी अशी सोंगे घेऊन एखादा प्रसंग उभा करणे आणि त्यातून चारचौघांत वागण्याबोलण्याचे वळण आणि धीटपणा मिळविणे, हा आपण मला दिलेला विषय आहे. शिक्षणशास्त्रात याला भूमिकाभिनय म्हणतात.

या विषयावर बोलण्यास अर्थशास्त्राचा माणूस कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती योग्यच आहे. तिचे उत्तर मी ॲडम स्मिथपासून देतो. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मिथने गरज कशास म्हणावे याची चर्चा केली आहे. तागाचा सदरा ही काही जगण्यासाठी अपरिहार्य वस्तू नव्हे. ग्रीक आणि रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. पण स्मिथच्या काळी युरोपच्या बहुतेक भागांत साध्या रोजंदारी मजुरालाही असा सदरा अंगात नसताना लोकांपुढे येण्याची लाज वाटे. म्हणून तो सदरा गरजेत मोडतो, असे त्याचे म्हणणे. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८३ च्या एका निबंधात आणि पुढे अनेकदा या सदऱ्याची आठवण करून दिली. चारचौघांत लाज न वाटता वावरता येणे ही माणसाची एक मूलभूत क्षमता आहे, आणि ती हिरावली जाणे हाही दारिद्र्याचाच एक प्रकार आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

आपल्या जिल्ह्यात आज शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या अंगात गणवेशाचा सदरा असतो. तो प्रश्न पुष्कळसा सुटला. जिभेचा सदरा मात्र सर्वांना मिळालेला नाही. महाविद्यालयात शिकविताना दरवर्षी मला असे विद्यार्थी भेटत. त्यांच्या उत्तरपत्रिका चोख असत, परंतु वर्गात तीन वर्षांत एकदाही त्यांनी हात वर केलेला नसे. तोंडी परीक्षेत त्यांना उत्तर ठाऊक असे, पण शब्द घशात अडकत. शेजारच्या बाकावरचा, त्यांच्याहून कमी जाणणारा, पण घरात पुस्तके आणि पाहुणे यांचा राबता असलेला मुलगा खुशाल बोलून जाई. नोकरी त्याला मिळे, बँकेचे कर्जही त्याला मिळे. धीटपणा हेही एक भांडवल आहे आणि इतर भांडवलांप्रमाणेच त्याची वाटणी विषम आहे. इतर भांडवलांचे फेरवाटप करावयाचे तर कायदे लागतात, लढे लागतात. या एका भांडवलाच्या फेरवाटपाची थोडीशी सुरुवात मात्र पहिलीच्या वर्गात, एका पैशाच्या खर्चाविना करता येते. म्हणून मला या विषयात रस आहे.

मुले हे आधीपासूनच करतात

भूमिकाभिनय हे कोणी परदेशातून आणलेले नवे खूळ आहे असे समजण्याचे कारण नाही. भातुकली आणि बाहुला-बाहुलीचे लग्न ही दुसरी काय आहेत? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहतात. तेथे मुले मुकादमाचा खेळ खेळतात. एक जण मुकादम होतो, दोघे मिळून एक कोयता होतात, कोणी उचल मागतो, कोणाचा खाडा पडतो, कोणी पाचटाची मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरतो. जे जग आपल्या वाट्याला येणार आहे असे त्यांना दिसते, त्याची ती तालीम करीत असतात. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्की याने १९३३ च्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले की अशा कल्पित खेळात मूल आपल्या रोजच्या वागणुकीपेक्षा वरच्या पातळीवर वावरते. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारे पोर पहारेकऱ्याचे सोंग घेतले की नियम म्हणून निश्चल उभे राहते. खेळातला नियम ते स्वतःवर स्वतः लादून घेते.

प्रश्न एवढाच आहे की ही तालीम केवळ वाट्याला आलेल्या जगाची व्हावी, की हव्या असलेल्या जगाचीही व्हावी? मुकादमाच्या खेळात त्या मुलीने हिशेबाची वही मागितली तर काय होते, हे तिला करून पाहता आले पाहिजे. घरच्या खेळात तशी संधी मिळत नाही. ती शाळेने द्यावयाची आहे.

या मातीतील वारसा

नगरचे या बाबतीतले ऋण मोठे आहे. सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८३९ साली येथे आल्या आणि १८६२ साली येथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फॅरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. पुढे १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. हे नाटक आहे आणि त्याचा विषय शिक्षण आहे. भटजीकडून फसविले गेलेले कुणबी जोडपे अखेर रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. ज्ञानाचा मार्ग बंद कसा झाला हे सांगण्यासाठी जोतीरावांनी नाटकाचे माध्यम निवडले, कारण ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही प्रसंग कळतो. त्याच १८५५ साली फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये नगरातच निघाले होते. आपल्या समाजाचे दुःख जगापुढे थेट मांडण्याचे धैर्य एका शाळकरी मुलीला आले. अक्षरज्ञानाबरोबर आपल्या बोलण्यालाही किंमत आहे हा विश्वास त्या शाळेने तिला दिला असला पाहिजे.

विसाव्या शतकात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने शेतकरी-कामकरी तरुणांना रंगमंचावर उभे केले. त्यांतले काही पुढे मोठे नट झाले. पण खेड्यापाड्यांतील ज्या शेकडो मुलामुलींची नावे कोठेही छापली गेली नाहीत, त्यांना सभेत उभे राहून बोलण्याचा जो सराव झाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो.

आणखी एक उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या निरक्षर किंवा अल्पशिक्षित, त्यांत कित्येक दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रियांना औषधांची माहिती देणे हे तुलनेने सोपे काम होते. ज्या गावात आपल्याला पाणवठ्यावर दूर उभे राहावे लागते, त्या गावातील घराघरांत जाऊन अधिकाराने सांगणे हे अवघड काम होते. ते माहितीपत्रके वाचून साधण्यासारखे नव्हते. गाणी, गप्पा, छोटी नाटुकली आणि एकमेकींपुढे बोलून पाहणे यांतून त्या स्त्रियांचा धीर वाढत गेला. चाळिशीतल्या बाईला जे साधते ते सात वर्षांच्या मुलीला साधणार नाही, असे कोण म्हणेल?

स्नेहसंमेलन वेगळे

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. भूमिकाभिनय म्हणजे स्नेहसंमेलनातील नाटक नव्हे. स्नेहसंमेलनात शिक्षक संवाद लिहून देतात, मुले ते पाठ करतात, वर्गातील चार हुशार मुले मोठी कामे करतात आणि बाकीची टाळ्या वाजवितात. त्याची मजा मला मान्य आहे. पण त्यात ज्याला धीटपणा हवा आहे त्याला तो मिळत नाही. ज्याच्यापाशी तो आधीच आहे त्याला आणखी मिळतो. हे चक्रवाढ व्याजासारखे आहे.

वर्गातील भूमिकाभिनयाची रीत निराळी असावी. पहिली गोष्ट म्हणजे संवाद लिहून देऊ नयेत. फक्त प्रसंग द्यावा. ‘एसटीत बसलास, तिकिटाचे पैसे दिलेस, कंडक्टरने सुटे परत केले नाहीत. आता काय म्हणशील?’ एवढे पुरे. दुसरी गोष्ट, सुरुवातीला प्रेक्षकच नसावेत. सगळ्या वर्गाने जोड्याजोड्यांनी एकाच वेळी बोलावे. वर्गात थोडा कोलाहल होईल, तो होऊ द्यावा. लाजऱ्या मुलाला त्या कोलाहलात आडोसा मिळतो. तिसरी गोष्ट, पाच मिनिटांनी भूमिकांची अदलाबदल करावी. जो कंडक्टर होता त्याने प्रवासी व्हावे. सारे मर्म या अदलाबदलीत आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय त्याची अडचण कळत नाही, आणि ती कळल्यावाचून भांडण न करता आपला हक्क मागता येत नाही. चौथी गोष्ट, शेवटी सर्वांनी गोल बसून बोलावे: कोणी काय म्हटले, कशाने राग आला, कशाने काम झाले. मग तोच प्रसंग पुन्हा एकदा करून पाहावा. दुसऱ्या खेपेस होणारा बदल शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी वेगळ्या चाचणीची गरज नाही.

शिक्षकानेही भूमिका घ्यावी, आणि शक्यतो खालची घ्यावी. इंग्लंडमधील डोरोथी हीथकोट या शिक्षिकेने ही पद्धत फार कौशल्याने वापरली. शिक्षक परगावचा वाट चुकलेला माणूस होतो, किंवा ज्याला अर्ज लिहिता येत नाही असा म्हातारा होतो, आणि मुले त्याला समजावून सांगतात. रोज ज्याला विचारायचे तोच आपल्याला विचारतो आहे, हा अनुभव मुलाला उंच करतो.

भाषेविषयीही एक सांगतो. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातील ठाकर आणि महादेव कोळी मुले, तांड्यावरची बंजारा मुले, पारध्यांची आणि वडारांची मुले आपल्या शाळांत येतात. पुस्तकी मराठी ही त्यांची पाहुण्यांपुढची भाषा आहे. बाजारातील आजीबाईचे सोंग घेतलेल्या मुलीला घरच्या बोलीत बोलू द्यावे. पुढे तलाठी कार्यालयाच्या प्रसंगात तीच मुलगी प्रमाण भाषा वापरून पाहील. कोठे कोणती भाषा चालवायची हे ती आपोआप शिकेल, आणि आपली बोली ही चूक आहे असे तिला वाटणार नाही.

कोणाला कोणते काम

आता मी सर्वांत अवघड मुद्द्याकडे येतो. वर्गात भूमिका वाटताना समाजही वर्गात शिरतो. राजा कोण आणि शिपाई कोण, डॉक्टर कोण आणि झाडूवाली कोण, हे ठरविताना आपला हात नकळत जुन्या वळणाने जातो. मुलगी नर्स होते, मुलगा डॉक्टर होतो. पाटलाचा मुलगा सरपंच होतो. ऊसतोड कामगाराचा मुलगा, जो दिवाळीनंतर चार-पाच महिने वर्गात नसतोच, तो झाड होतो, कारण झाडाला बोलावे लागत नाही. असे झाले तर भूमिकाभिनय विषमतेचीच तालीम देईल, आणि ती अधिक पक्की करील. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात, किंवा पाळी लावावी. ही साधी व्यवस्था मोडू नये.

उलट दिशेचा अतिरेकही टाळला पाहिजे. ज्या मुलाचा बाप दारू पितो त्याला दारुड्याच्या मुलाचे काम देऊ नये. ज्या मुलीने जातीवरून अपमान सोसला आहे तिला तो अपमान वर्गापुढे पुन्हा सोसायला लावू नये. मुलाचे खरे दुःख हे वर्गाच्या अभ्यासाचे साहित्य नव्हे. प्रसंग कल्पित असावा, पात्रांची नावे कल्पित असावीत, आणि खेळ संपला की टोपी काढून ठेवणे, उपरणे उतरविणे अशी काही खूण असावी. टोपी उतरली की सरपंचही संपला आणि चोरही संपला. ही काळजी घेतली नाही तर मधल्या सुट्टीत त्या मुलाला ‘चोर’ हेच नाव पडते.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो? सोनई, २०१३. खर्डा, २०१४. कोपर्डी, २०१६. आपल्या जिल्ह्यातील या गावांची नावे देशाला कशामुळे ठाऊक झाली हे येथे बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एका तासिकेतल्या सोंगाने असे अत्याचार थांबतील, असा भाबडा दावा मी करणार नाही. त्यांची मुळे जमिनीत, सत्तेत आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या उतरंडीत आहेत. पण ज्या पोराने दुसऱ्या वस्तीतल्या पोराच्या जागी कधी एकदाही उभे राहून पाहिलेले नाही, ज्याने मुलीची बाजू तिच्या जागेवरून कधी बोलून पाहिलेली नाही, त्याच्या हाती मोठेपणी आपण कोणते गाव सोपविणार आहोत?

पाण्याची ग्रामसभा

एक नमुना सुचवितो. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणते पीक घ्यावे, हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी कूपनलिका नाही आणि अमाप पाणी पिणारा ऊस नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. चौथीच्या वर्गाला ही ग्रामसभा करायला द्या. वर्गाच्या मध्यभागी शंभर खडे ठेवा. हे गावाचे वर्षाचे पाणी. एक मूल उसाचा शेतकरी, एक ज्वारीचा, एक शेळ्या राखणारी बाई, एक भूमिहीन मजूर, एक दवाखान्याची परिचारिका, एक ग्रामसेवक. प्रत्येकाने आपली मागणी मांडायची. खडे शंभरच आहेत. मुले भांडतील, हिशेब करतील, कोणी रुसेल, कोणी तडजोड सुचवील. मग भूमिका बदला. उसाचा शेतकरी मजूर झाला की त्याला तोच हिशेब निराळा दिसेल.

या एका खेळात बेरीज-वजाबाकी आहे, परिसर अभ्यास आहे, मराठी आहे आणि नागरिकशास्त्र आहे. वस्तू मर्यादित असताना वाटप कोणत्या न्यायाने करावे, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्नही त्यात आहे. पदव्युत्तर वर्गात तो मी आलेख काढून शिकवीत असे. खड्यांनी तो अधिक चांगला कळला असता, असे मला वाटते. आपल्या अनेक शाळांत मुलांचा आठवडे बाजार भरतो, तोही चांगला उपक्रम आहे. पण नफा मोजण्यावर तो संपू नये. माल न खपलेल्या मुलीला काय वाटले, हेही त्या दिवशी विचारावे.

आक्षेप

आपण म्हणाल, वेळ कोठे आहे? माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीचे काम करायचे, आणि त्यात हे नवे. ही तक्रार रास्त आहे आणि शिक्षकाला शिकवू द्या ही आपली मागणी मी जाहीरपणे उचलून धरतो. पण ही पद्धत नवा विषय नाही. आहे त्याच पाठाची ती रीत आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गासाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या वस्तीवरच्या शाळेत लहानमोठी मुले एकत्र बसतात ही एरवी अडचण असते. भूमिकाभिनयात तीच सोय ठरते, कारण चौथीची मुलगी पहिलीच्या पोराला सांभाळून घेते. कमी पटाच्या अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा त्याला विरोध झाला. वस्तीवरची छोटी शाळा गेली तर मुलींची शाळा आधी जाते. त्या शाळेत काय घडू शकते हे दाखवून देणे, हाही ती वाचविण्याचा एक मार्ग आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: पोराला शिकायला पाठविले, सोंगे करायला नव्हे. त्यांना एकदा वर्गात बोलवा. पोस्टात किंवा बँकेत पैसे काढण्याचा प्रसंग मुले करीत असताना त्यांना पाहू द्या. त्या खिडकीपुढे स्वतः कसे घुटमळलो हे ज्याला आठवते, तो पालक पुन्हा आक्षेप घेणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मित्रांचा, विचारवंतांचा आहे. ते म्हणतात, धीटपणा शिकवून काय होणार? मजुरी वाढली पाहिजे, जमीन मिळाली पाहिजे, मुलांना बरोबर घेऊन ऊसतोडीला जाण्याची पाळीच येऊ नये. हे सर्व मला मान्य आहे. भाकरीचे सोंग आणता येत नाही. पण मजुरी वाढवून घेण्यासाठी कोणीतरी उभे राहून बोलावे लागते, आणि उभे राहून बोलण्याची सवय एकाएकी लागत नाही. शहरांत व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग निघाले आहेत. हजारो रुपये शुल्क घेऊन ते मुलांना चटपटीतपणा विकतात. आपला माल विकण्याची ती कला आहे. आपल्याला हवा असलेला धीटपणा वेगळा आहे: स्वतःसाठी बोलणारा, दुसऱ्याचे ऐकणारा, आणि जो बोलू शकत नाही त्याच्यासाठीही बोलणारा. तो विकत मिळत नाही. तो सरकारी शाळेतच, सर्व थरांतील मुले एकत्र बसतात तेथेच तयार होऊ शकतो.

माझ्या सूचना थोड्या आहेत. आठवड्यातून एक तासिका यासाठी द्यावी. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी आधी स्वतः भूमिका घेऊन पाहाव्यात. मुख्याध्यापकाने विद्यार्थी व्हावे आणि अधिकाऱ्यांनी पालक व्हावे. याची स्पर्धा लावू नये, क्रमांक काढू नयेत, आणि छायाचित्र वर पाठविण्याची सक्ती करू नये. छायाचित्रासाठी केलेले सोंग हे पुन्हा स्नेहसंमेलनच होईल. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात वाचनाच्या चाचणीला बसविण्याऐवजी एखाद्या प्रसंगात सामील करून घ्यावे. त्यांनी पाहिलेले जग वर्गातल्या इतरांनी पाहिलेले नसते. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.

 सोमवारी शाळेत गेल्यावर आपल्या वर्गातील जो मुलगा किंवा मुलगी या वर्षात अजून एकदाही बोललेली नाही, तिच्यासाठी एक छोटा प्रसंग योजावा आणि तिच्या जोडीला आपण स्वतः उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.